थांबणं आणि थांबवणं

नोव्हेंबर 2010 मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, फेअरफॅक्स काउंटीच्या कोर्टात एक मोटारचालक निर्दोष सुटला. मुलांसाठी थांबलेल्या शाळेच्या बसजवळून तो न थांबता गेला, असा त्याच्यावर आरोप होता. व्हर्जिनियात याला बेदरकार वाहन चालवणं म्हणतात. गुन्हा फौजदारी, शिक्षा एक वर्षापर्यंत कैद आणि अडीच हजार डॉलरपर्यंत दंड. पण साक्षीपुरावा बाजूलाच राहिला आणि खटल्याचा निकाल एका दोन अक्षरी इंग्रजी शब्दावर लागला.

कायद्याला म्हणायचं होतं ते सरळ होतं. कुठल्याही दिशेनं येणाऱ्या चालकानं थांबलेल्या शाळेच्या बसपाशी थांबायचं, न थांबला तर तो दोषी. ‘पाशी’ या अर्थाचा ‘अ‍ॅट’ हा शब्द 1970 साली कायद्यात दुरुस्ती करताना गळून पडला होता. इंग्रजीत ‘स्टॉप’ या क्रियापदाचे दोन अर्थ होतात, स्वतः थांबणं आणि दुसऱ्याला थांबवणं. ‘अ‍ॅट’ गेल्यावर वाक्याचा अर्थ असा उरला की जो चालक ‘थांबलेल्या बसला थांबवणार नाही’ तो गुन्हेगार. मराठीत थांबणं वेगळं आणि थांबवणं वेगळं, त्यामुळे आपल्या भाषेत ही चूक पहिल्या वाचनातच पकडली गेली असती. तिथं ती चाळीस वर्षं कायद्याच्या पुस्तकात राहिली आणि त्याच कलमाखाली खटले चालत राहिले. फौजदारी कायदा जसा लिहिला आहे तसाच वाचायचा असतो. न्यायाधीशांनी तो तसा वाचला. आरोपीनं बस थांबवली नाही असं म्हणायला काही आधारच नव्हता, कारण बस आधीच थांबलेली होती. पुढच्या वर्षी विधिमंडळानं तो शब्द परत जागेवर बसवला.

ही हकीकत पहिल्यांदा वाचली तेव्हा मला संताप आला. नंतर ती मनात घोळत राहिली ती वेगळ्या कारणानं. थांबलेल्या बसपाशी जगानं थांबायचं, ही एवढी साधी मागणी कायद्यात नीट मांडायला त्या देशाला पाऊणशे वर्षं लागत आली होती आणि तरी ती पुरती मांडून झालेली नव्हती.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी सकाळी पावणेसातला शाळेची व्हॅन थांबते. काका हॉर्न देतात. समोरच्या इमारतीतून पहिलीतली एक मुलगी आईचा हात सोडून धावत येते. दप्तर पाठीपेक्षा मोठं, पाण्याची बाटली गुडघ्यावर आपटत असते. व्हॅनचं दार रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला उघडतं, म्हणून ती व्हॅनच्या पुढून वळसा घालते. तेवढ्यात मागून येणारी स्कूटर व्हॅनला उजवीकडून ओलांडून पुढे निघते. त्या स्वाराला मुलगी दिसलेली नसते आणि मुलीला स्कूटर. रोज दोन-चार हातांनी चुकतं. काका ओरडतात, आई छातीवर हात ठेवते आणि सकाळ पुढे सरकते. त्या दोन-चार हातांचं काय करायचं, हा प्रश्न अमेरिकेनं फार लवकर कायद्यापुढे ठेवला. म्हणून ही गोष्ट तिथूनच सांगायला हवी.

शाळेत मुलांना पोचवण्यावर सरकारी पैसा खर्च करायची मुभा देणारा पहिला कायदा मॅसॅच्युसेट्सनं 1869 साली केला. तेव्हा वाहन म्हणजे घोडागाडी. इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावची वेन वर्क्स ही कंपनी खास शाळेसाठी गाड्या बनवायची. लोक त्यांना ‘किड हॅक’ म्हणत. आत दोन्ही बाजूंना लांब बाकं, वर ताडपत्री आणि चढायची जागा मागच्या बाजूला. दार मागे, कारण मुलांच्या गलक्यानं घोडे बुजू नयेत. मूल गाडीच्या कुठल्या बाजूनं चढतं-उतरतं यावर त्याचा जीव अवलंबून असतो, हे त्या सुतारांनाही ठाऊक होतं.

मग खेडोपाडच्या एकखोली शाळा बंद होऊन मोठ्या शाळा झाल्या. अंतरं वाढली, मोटारी आल्या. जॉर्जियातल्या अल्बर्ट ल्यूस यांनी 1927 साली फोर्डच्या सांगाड्यावर पोलादी चौकटीची बस उभी केली. पुढे त्यातूनच ब्लू बर्ड हा कारखाना वाढला. पण बहुतेक राज्यांत जे मिळेल ते वाहन चाले. कॅन्ससमधल्या एका शाळेची मुलं गव्हाच्या घोडागाडीतून यायची. काही ठिकाणी तर मुलांच्या मनात देशप्रेम रुजावं म्हणून बस लाल, पांढऱ्या आणि निळ्या रंगात रंगवलेल्या होत्या.

फ्रँक सायर यांना हे बदलायचं होतं. त्यांचा जन्म 1900 सालचा, नेब्रास्कात, मातीच्या ढेकळांनी बांधलेल्या घरातला. खेड्यातल्या मुलांचं शिक्षण हाच त्यांच्या आयुष्याचा विषय झाला. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात ते प्राध्यापक होते. एप्रिल 1939 मध्ये, रॉकफेलर यांच्या संस्थेकडून मिळालेल्या पाच हजार डॉलरवर, त्यांनी तिथं सात दिवसांची परिषद भरवली. तेव्हाच्या अठ्ठेचाळीसही राज्यांचे वाहतूक अधिकारी आले. सोबत बस बनवणाऱ्यांचे अभियंते होते, रंग बनवणाऱ्या ड्यूपाँट आणि शेर्विन-विल्यम्स या कंपन्यांचे जाणकार होते. भिंतीवर रंगीत कागदाच्या पन्नास पट्ट्या लावल्या होत्या, लिंबासारख्या फिक्या पिवळ्यापासून गडद लालसर नारिंगीपर्यंत. पहाटेच्या अंधुक उजेडात काळी अक्षरं कशावर सर्वांत स्पष्ट दिसतात, हा निकष होता, कारण मुलं घराबाहेर पडतात ती त्याच वेळी. त्या पट्ट्यांमधून जो पिवळा निवडला गेला त्याला नाव मिळालं ‘नॅशनल स्कूल बस क्रोम’. परिषदेनं एकंदर 44 मानकं ठरवली. त्यात बसची लांबी, छताची उंची, मधल्या वाटेची रुंदी असं सगळं होतं, पण लोकांच्या लक्षात राहिला तो रंग. पस्तीस राज्यांनी तो लगेच घेतला. शेवटचं राज्य, मिनेसोटा, 1974 साली आलं.

बस लांबून दिसायला हवी, एवढाच त्या पिवळ्यामागचा विचार. चालक माणूस आहे, त्याला दिसलं की तो सावध होईल, हा त्यातला विश्वास. पुढच्या ऐंशी वर्षांत अमेरिकेनं या एकाच विश्वासावर थरावर थर चढवले. रंग पुरेना म्हणून दिवे आले, दिव्यांनी भागेना म्हणून थांब्याची पाटी आली, पाटीलाही कोणी जुमानेना तेव्हा कॅमेरा बसला. आणि यातल्या प्रत्येक पायरीसोबत शिक्षा वाढत गेली.

परिषदेच्या चारच महिने आधी, 1 डिसेंबर 1938 रोजी, युटा राज्यात साउथ जॉर्डनजवळ बर्फाच्या वादळात शाळेची एक बस रेल्वेच्या फाटकावर गाडीखाली सापडली. चालक आणि वीसहून अधिक विद्यार्थी गेले. त्यानंतर जो नियम देशभर पसरला तो आजही पाळला जातो. फाटकाआधी बस पूर्ण थांबवायची, दार उघडायचं, कान देऊन ऐकायचं आणि मगच रूळ ओलांडायचे. ही जबाबदारी बसच्या चालकाची होती. तो शाळेचा नोकर असतो, त्याला नियम लावणं सोपं. रस्त्यावरच्या परक्या माणसाला, जो स्वतःच्या कामाला निघाला आहे आणि ज्याचा त्या मुलांशी काही संबंध नाही, त्याला थांबायला लावणं ही अवघड गोष्ट होती.

1946 साली व्हर्जिनियानं पहिल्यांदा शाळेच्या बसवर लुकलुकणारे इशाऱ्याचे दिवे लावले. हळूहळू सगळ्या राज्यांत नियम झाला की बसचे लाल दिवे लागले की मागच्या गाड्यांनी थांबायचं आणि समोरून येणाऱ्यांनीही. वाहतुकीच्या एरवीच्या नियमांशी ताडून पाहिलं तर हा नियम किती वेगळा आहे ते कळतं. सिग्नल एका बाजूला थांबवतो तेव्हा दुसऱ्या बाजूला सोडतो. रस्ता वाटून घ्यायचा असतो. इथं मात्र अर्ध्या मिनिटासाठी सगळा रस्ता एका मुलाचा होतो. मला हा माणसानं केलेल्या चांगल्यातल्या चांगल्या कायद्यांपैकी एक वाटतो, कारण त्यानं मुलाकडून शहाणपणाची अपेक्षा सोडून दिली. सहा वर्षांच्या मुलाला येणाऱ्या गाडीचा वेग कळत नाही. हातातला चित्राचा कागद उडाला तर ते त्याच्या मागे धावतं. उंची बसच्या बॉनेटएवढीही नसते. अशा जिवाला ‘जपून जा’ म्हणून सांगण्यात मोठ्यांचं समाधान असतं, त्याचं रक्षण त्यात फारसं नसतं.

बसभोवतीच्या दहा फुटांच्या पट्ट्याला तिथले लोक ‘डेंजर झोन’ म्हणतात. बसच्या आत मूल सुरक्षित असतं. 1977 पासून नव्या बसमध्ये उंच, गुबगुबीत पाठींची आसनं जवळजवळ बसवायची सक्ती झाली, त्यामुळे धडकेतही मूल दोन पाठींच्या मध्येच राहतं. साधारण अडीच कोटी मुलं रोज सुमारे पाच लाख बसमधून जातात. त्यांच्यासाठी याहून निर्धोक वाहन त्या देशात दुसरं नाही. जीव जातात ते पायरीवरून उतरल्यावर, त्या दहा फुटांत आणि पलीकडच्या रस्त्यावर. कॅन्सस राज्याचं शिक्षण खातं 1970 पासून दरवर्षी देशभरातून माहिती गोळा करून चढता-उतरताना गेलेल्या मुलांची नोंद ठेवतं. एका शेतीप्रधान राज्याच्या कचेरीनं पन्नास वर्षं सांभाळलेलं ते खातं बाराशेच्या पुढे गेलं आहे. त्यातली जवळजवळ तीन चतुर्थांश मुलं नऊ वर्षांची किंवा त्याहून लहान. एक गोष्ट वाचताना अंगावर काटा येतो. त्यातली बरीचशी मुलं परक्या मोटारीखाली आलेली नाहीत, स्वतःच्याच बसखाली आली आहेत, कारण पुढच्या चाकापाशी वाकलेलं मूल चालकाला दिसलं नाही. त्यासाठी मग आरसे बदलले, बसच्या पुढच्या बंपरला मुलाला लांबून वळायला लावणारा दांडा आला.

बसच्या डाव्या अंगाला बाहेर उघडणारी अष्टकोनी लाल थांब-पाटी काही राज्यांत आधीपासून होती. केंद्र सरकारच्या नियमानं ती सप्टेंबर 1992 पासून प्रत्येक नव्या बसला सक्तीची झाली. क्रम असा की थांबा जवळ आला की चालक आधी पिवळे दिवे लावतो. बस थांबून दार उघडलं की लाल दिवे लागतात आणि पाटी बाहेर येते. रस्ता ओलांडणारं मूल दहा फूट पुढे जाऊन चालकाकडे पाहतं, चालक हातानं खूण करतो, मूल निघतं. चालक मनात मोजत असतो. एक गेलं, दोन गेली, तिसरं कुठे आहे?

आणि याच वेळी त्यानं कायद्याचा साक्षीदारही व्हायचं असतं. पाटी डावलून कोणी गेलं तर गाडीचा नंबर, रंग, बनावट आणि शक्य तर चालकाचा चेहरा टिपायचा. पोलीस तिथं नसतो. न्यायालयात ‘गाडी माझी आहे, पण चालवत मी नव्हतो’ एवढं म्हटलं तरी खटला डळमळायचा. मुलं मोजणारा माणूस नंबर कसा लिहिणार? यामुळे कागदावर कडक असलेले कायदे रस्त्यावर सैल पडायचे. कागद मात्र जड होत गेले. पेनसिल्व्हेनियात अडीचशे डॉलर दंड, लायसन्सवर पाच दंडगुण आणि साठ दिवस लायसन्स निलंबित. मिसिसिपीत डिसेंबर 2009 मध्ये पाच वर्षांचा एक मुलगा बसमधून उतरताना गेला, तेव्हा 2011 साली त्याच्या नावानं कायदा झाला आणि मूल दगावल्यास चालकाला वीस वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आली. अमेरिकेत अशा कायद्यांना मुलांची नावं देतात. विधिमंडळात आई-वडील पाहुण्यांच्या बाकावर बसलेले असतात, राज्यपाल सही करतात, लेखणी आईच्या हातात देतात. या विषयावरच्या कायद्यांची यादी वाचणं म्हणजे एखाद्या वर्गाची हजेरी वाचण्यासारखं आहे आणि त्या हजेरीला कोणी ‘हजर’ म्हणत नाही.

शिक्षेचे वेगळे प्रयोगही झाले. ओहायोतल्या क्लीव्हलँड शहरात 2012 साली एका बाईंनी, थांबलेल्या शाळेच्या बसमागे खोळंबायला नको म्हणून, मोटार सरळ फुटपाथवर घालून पुढे काढली. हे त्या पूर्वीही करत होत्या. बसच्या चालकानं शेवटी चित्रणाची व्यवस्था केली. नगर न्यायालयाच्या न्यायाधीश पिंकी कार यांनी दंड केला, तीस दिवसांसाठी लायसन्स काढून घेतलं आणि वर दोन दिवस सकाळी तासभर चौकात फलक घेऊन उभं राहायला लावलं. शाळेची बस टाळायला फुटपाथवर गाडी घालणारा मूर्खच असतो, अशा अर्थाचा तो फलक. नोव्हेंबरच्या थंडीत त्या उभ्या राहिल्या आणि भोवती टीव्हीचे कॅमेरे. जगभर ती बातमी गेली. मला त्या शिक्षेनं बरं वाटलं नाही. अशा फलकानं एक माणूस चौकात लहान होतो, पण त्याच सकाळी त्याच राज्यात पाटी डावलून जाणाऱ्या बाकीच्यांपर्यंत ती लाज पोचत नाही.

ते बाकीचे किती, हे कळण्यासाठी राज्यांच्या विद्यार्थी-वाहतूक संचालकांच्या राष्ट्रीय संघटनेनं 2011 साली एक साधी युक्ती केली. एका ठरलेल्या दिवशी बसचालकांनी फक्त मोजायचं, आज किती गाड्या पाटी डावलून गेल्या. 28 राज्यांतल्या एक लाख बारा हजारांच्या आसपास चालकांनी मोजलं. आकडा आला 76,685. एका दिवसाचा. आठ वर्षांनी, 2019 साली, 39 राज्यांत तीच मोजणी झाली तेव्हा तो 95,319 होता. शाळेच्या वर्षाचे साधारण एकशे ऐंशी दिवस धरले तर हा गुन्हा अपवाद उरत नाही, ती रहदारीची सवय ठरते. सवयीचं कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. बहुतेक वेळा काही होत नाही. हजारदा पाटी डावलणारा हजारदा वेळेवर कामावर पोचतो.

कॅमेरा आला तो या मोजणीच्या आगेमागे. पाटीच्या हाताशी बसवलेला कॅमेरा नंबर प्लेट टिपतो, पोलीस चित्रण पाहून मालकाच्या घरी दंडाची चिठ्ठी पाठवतात. साक्षीदार म्हणून राबणारा बसचालक सुटला आणि पुन्हा निर्धास्तपणे मुलं मोजू लागला. पण या सोयीची किंमत होती. कॅमेऱ्याला चालक दिसत नाही, गाडी दिसते. म्हणून बऱ्याच राज्यांत अशा चिठ्ठीला फौजदारी गुन्हा न धरता गाडीच्या मालकावरचा दिवाणी दंड धरतात. लायसन्सवर गुण चढत नाहीत, तुरुंग लांबच. व्हर्जिनियात ज्या कृत्याला पोलिसानं पकडल्यास वर्षभराची कैद होऊ शकते, त्याच कृत्याला कॅमेऱ्यानं पकडल्यास अडीचशे डॉलर. शिक्षा हलकी केली तेव्हा कुठे ती खात्रीची झाली. शिक्षेचा धाक तिच्या वजनापेक्षा तिच्या खात्रीत असतो, असं गुन्हेशास्त्राचे अभ्यासक सांगत आले आहेत. इथं त्याचा रोजचा हिशेब मांडला गेला.

आपल्याकडे पिवळा रंग आला तो असाच एका शोकातून. 18 नोव्हेंबर 1997 रोजी सकाळी दिल्लीत वझीराबादच्या पुलावरून शाळेची बस यमुनेत कोसळली आणि 28 मुलं गेली. वकील एम. सी. मेहता यांची दिल्लीच्या वाहतुकीबद्दलची याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे होतीच. न्यायालयानं त्याच नोव्हेंबर-डिसेंबरात निर्देश दिले, ते आज प्रत्येक पालकाला तोंडपाठ असायला हवेत. बस पिवळी हवी, पुढे-मागे ‘स्कूल बस’ लिहिलेलं हवं, भाड्याची असेल तर ‘ऑन स्कूल ड्यूटी’. वेगाला ताशी 40 किलोमीटरचा लगाम, खिडक्यांना आडव्या सळ्या, दाराला भरवशाची कडी, सोबत एक मोठा माणूस. चालकाला जड वाहनाचा किमान पाच वर्षांचा अनुभव, आणि सिग्नल तोडण्यासारख्या गुन्ह्यांत वर्षात दोनदाहून जास्त चालान झालेल्याला शाळेच्या बसवर ठेवायचं नाही. महाराष्ट्रानं 2011 साली स्कूल बससाठी स्वतंत्र नियमावली केली, शाळाशाळांत परिवहन समिती आणली. या सगळ्याचा रोख बसवर, तिच्या मालकावर, चालकावर आणि शाळेवर आहे, आणि तो असायलाच हवा, कारण यमुनेत पडली ती बस होती. पण आमच्या गल्लीतला तो स्कूटरस्वार या चित्रात कुठेच नाही. दुबई-शारजात राहणाऱ्या मराठी आई-वडिलांना तो चित्रात असल्याचा अनुभव आहे. संयुक्त अरब अमिरातीत शाळेच्या बसची थांब-पाटी डावलली तर हजार दिरहॅम दंड आणि लायसन्सवर दहा काळे गुण. इथून तिकडे गेलेल्या माणसाला हे आधी नवखं वाटतं आणि स्वतःचं मूल त्या पाटीसमोरून रस्ता ओलांडू लागलं की पटतं.

आता 30 ऑक्टोबर 2018 ची सकाळ. इंडियाना राज्यातल्या रोचेस्टरजवळ, राज्यमार्ग 25. दोन पदरी रस्ता, दोन्हीकडे शेतं, वेगमर्यादा ताशी 55 मैल, म्हणजे सेकंदाला साडेचोवीस मीटर. सव्वासातचा सुमार. घड्याळात सकाळ असली तरी अजून उजाडलेलं नव्हतं. रस्त्याच्या एका बाजूला फिरत्या घरांची वसाहत. समोरच्या बाजूला बस येऊन थांबली, लाल दिवे लागले, पाटी बाहेर आली. चार मुलं वसाहतीच्या तोंडापासून रस्ता ओलांडायला निघाली. समोरून एक पिकअप ट्रक आला आणि थांबला नाही. नऊ वर्षांची एक मुलगी आणि तिचे सहा वर्षांचे जुळे भाऊ जागीच गेले. चौथा, अकरा वर्षांचा मुलगा जबर जखमी झाला. त्याच आठवड्यात मिसिसिपीत बसकडे जाताना एक नऊ वर्षांचा मुलगा गेला आणि फ्लोरिडातल्या टँपा इथं थांब्यावर उभ्या असलेल्या मुलांत मोटार घुसली. सगळा देश हादरला.

ट्रक चालवणारी विशीतली तरुणी होती. ती दारू प्यायलेली नव्हती. तिनं सांगितलं की दिवे दिसले होते, पण ती शाळेची बस आहे हे उमगलं नाही. मुलं समोर आली तेव्हा कळलं. सायर यांच्या परिषदेनं पहाटेच्या अंधुक उजेडासाठी रंग निवडला होता. त्यावर दिवे चढले, पाटी चढली, आणि तरी त्या अंधारात एका माणसाला सगळं दिसूनही काहीच कळलं नाही. ऑक्टोबर 2019 मध्ये ज्युरीनं तिला बेदरकारपणे मृत्यू घडवल्याच्या तीन आरोपांत दोषी ठरवलं, शिवाय मुलाला जखमी केल्याबद्दलही. डिसेंबरात शिक्षा झाली. चार वर्षं तुरुंग, तीन वर्षं घरातच कैद, त्यापुढे तीन वर्षं देखरेखीखाली. दहा वर्षं लायसन्स नाही.

दरम्यान त्या तीन मुलांच्या घरच्यांनी विधिमंडळाचे उंबरठे झिजवले होते. जुलै 2019 पासून इंडियानाचा कायदा कडक झाला. बेपर्वाईनं पाटी डावलणं हाच वरच्या पायरीचा गुन्हा, कोणी जखमी झालं तर गंभीर गुन्हा, मृत्यू झाला तर त्याहून वरचा, सहा वर्षांपर्यंत कैदेचा. लायसन्सही निलंबित होऊ शकतं. वर्तमानपत्रांनी बातम्या दिल्या त्या या शिक्षांच्या. त्याच कायद्यात एक कमी बोललं गेलेलं कलम होतं. दुसरा सुरक्षित पर्याय असेल तर मुलाला मोठा महामार्ग ओलांडावा लागेल अशा जागी शाळेनं बस थांबवायची नाही. मला हे कलम बाकी सगळ्या शिक्षांपेक्षा मोलाचं वाटतं. शिक्षा कितीही जड असली तरी ती त्या चालकाला अंधारात ओळखायला शिकवत नाही. हे कलम मात्र मुलाला त्या अंधारात पाठवतच नाही.

2020 साली राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचा तपास-अहवाल आला. दिवे, पाटी सगळं स्पष्ट दिसत असूनही चालक थांबली नाही, हे त्यानं अपघाताचं कारण म्हणून नोंदवलं. आणि सोबत दुसरं लिहिलं की शाळेच्या प्रशासनानं बसच्या मार्गांची सुरक्षा नीट तपासली नव्हती, म्हणून भरधाव रस्ता मुलांना पायी ओलांडावा लागेल असा थांबा ठरवला गेला. चालकाला तुरुंगात घालणाऱ्या निकालपत्रात हे वाक्य येऊ शकत नव्हतं. फौजदारी न्यायालय दोषी माणूस शोधतं. थांबा नकाशावर चुकीच्या बाजूला कोणी आखला, हे विचारणं त्याच्या कामात येत नाही.

तो थांबा अपघातानंतर लगेच बदलण्यात आला. बस आता राज्यमार्ग सोडून वसाहतीत वळते, घरांच्या मधल्या अरुंद रस्त्यावर थांबते आणि मुलं आपल्या दारापासून चार पावलांवर तिच्यात चढतात.